शिळ्या आरशाची गोष्ट

आज दोन ओळींबद्दल लिहायचं आहे. कवितेच्या नव्हेत, कॉन्फिगरेशन फाईलच्या. दोन्ही मीच लिहिल्या होत्या, ऑगस्ट २०२०मधल्या एका रात्री साडेअकराला, चाकणच्या पुढे एका कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये, तोंडाला मास्क लावून एसीत कुडकुडत. एका ओळीचा अर्थ होता ‘तारीख बघू नकोस’ आणि दुसरीचा ‘माझ्यावर विश्वास ठेव’. दोन्ही ओळी टाकल्यावर काम लगेच झालं, मी घरी आलो, आंघोळ केली (तेव्हा बाहेरून आलं की आधी आंघोळ, आठवतंय ना?) आणि झोपलो. त्या ओळी का टाकायच्या नसतात हे मला सहा महिन्यांनी कळलं. आणि त्या टाळण्यासाठीच्या तपासण्या मुळात कुणी, कधी, कशामुळे लिहिल्या हे त्यानंतर वाचत गेलो तेव्हा कळलं. त्या वाचनाचा हा लेख.

आधी थोडक्यात प्रकार काय होता ते. कारखान्यात चाळीसेक मशीन होती, सगळ्यांवर डेबियन लिनक्स. यांना इंटरनेट नाही, आणि देणारही नाहीत, कारण त्यातली निम्मी मशीन उत्पादनाच्या लाईनशी जोडलेली. पण सॉफ्टवेअरचे अपडेट तर हवेत. यावरचा रूढ उपाय म्हणजे स्थानिक रिपॉझिटरी. डेबियनची सगळी पॅकेजेस जगभरच्या शेकडो सर्व्हरवर जशीच्या तशी ठेवलेली असतात. त्या प्रतींना ‘मिरर’ म्हणतात, म्हणजे आरसा. तसाच एक आरसा आपण आपल्या घरात लावायचा. आमच्या पुण्याच्या ऑफिसात इंटरनेट असलेलं एक मशीन ॲप्ट-मिरर नावाचा प्रोग्रॅम चालवून पॅकेजेस उतरवून घेणार, दर शुक्रवारी ती पोर्टेबल डिस्कवर चढणार, डिस्क घेऊन एक मुलगा बाईकवर कारखान्यात जाणार, आणि तिथला आतला सर्व्हर ती सगळ्या मशीनना वाढणार. साधं, स्वस्त, आणि लॉकडाऊनच्या काळातसुद्धा जमण्यासारखं.

पहिलीच डिस्क गेटवर तीन आठवडे अडकली. कुणाची तरी सही हवी होती आणि ते साहेब क्वारंटाईनमध्ये. शेवटी ती आत आली, मी सगळं जोडलं, आणि एकूणएक मशीननी तोंड फिरवलं. रिलीज फाईलची मुदत संपली आहे, या रिपॉझिटरीचे अपडेट लावले जाणार नाहीत, असा निरोप. शिवाय आमच्या कंपनीची स्वतःची तीन-चार पॅकेजेस होती, त्यांवर डिजिटल सही नव्हती, म्हणून तीही नकोत. मी गूगल केलं, पहिल्या उत्तरात जे सापडलं ते चिकटवलं. तारीख-तपासणी बंद, आणि आमच्या रिपॉझिटरीपुढे ‘ट्रस्टेड=येस’. सगळीकडे हिरवं.

आता जरा मागे जाऊ या. बरंच मागे.

वेबच्या आधी, १९९०च्या आसपास, फुकट सॉफ्टवेअर मिळायची जागा म्हणजे विद्यापीठांचे एफटीपी सर्व्हर. कुठल्या सर्व्हरवर काय आहे हे शोधायलाच इतका त्रास व्हायचा की माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेजने १९९०मध्ये ‘आर्ची’ लिहिलं. ते या सर्व्हरच्या फाईलींच्या याद्या गोळा करून त्यात शोध घ्यायचं, आणि म्हणून त्याला पहिलं सर्च इंजिन म्हणतात. समुद्रापलीकडून फाईल ओढायची तर लाईन हळू आणि महाग. म्हणून मग प्रत्येक मोठ्या विद्यापीठातला कुणीतरी सज्जन रात्री स्क्रिप्ट लावून दुसऱ्यांचे फोल्डर आपल्याकडे उतरवून ठेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं, पगारात नव्हतं. मिरर हा प्रकार असा शेजारधर्मातून उभा राहिला. आणि या सर्व्हरवाल्यांच्या हातात केवढी ताकद होती बघा: लिनस टोरवाल्ड्सला आपल्या कर्नलचं नाव ‘फ्रीक्स’ ठेवायचं होतं. १९९१मध्ये फिनलंडच्या एफटीपी सर्व्हरवर त्याला जागा देणाऱ्या आरी लेमकेला ते आवडलं नाही, त्याने फोल्डरला नाव दिलं ‘लिनक्स’. झालं. आज जग त्या फोल्डरच्या नावाने ओळखतं.

फोल्डरच्या नावावरून झालेला दुसरा घोटाळा एवढा गोड नाही. इयन मरडॉकने ऑगस्ट १९९३मध्ये डेबियनची घोषणा केली (मैत्रीण डेब्रा अधिक इयन, म्हणून डेबियन. पुढे त्यांचं लग्न झालं आणि नंतर घटस्फोटही, नाव मात्र राहिलं). दोन वर्षांनी, १९९५च्या अखेरीस, आवृत्ती १.०ची तयारी चालू होती. अर्धवट काम सर्व्हरवर होतं. त्या काळी सीडी विकणाऱ्या कंपन्या असे सर्व्हर उतरवून त्यांच्या सीड्या करून विकायच्या, कारण मोडेमवर एवढं उतरवणं कुणाला शक्यच नव्हतं. त्यातल्या इन्फोमॅजिक या कंपनीने ते अर्धवट काम उचललं आणि पाच सीड्यांच्या संचात ‘डेबियन १.०’ म्हणून छापून मोकळी झाली! ती सीडी धड बूट होईल याचीसुद्धा खात्री नव्हती. डिसेंबरात दोघांनी मिळून जाहीर केलं की हे खरं १.० नव्हे, वापरू नका. पण छापलेल्या सीड्या परत कशा आणणार? शेवटी डेबियनने १.० हा आकडाच सोडून दिला. जून १९९६ला आली ती थेट १.१.

मला यातली नंतरची गोष्ट जास्त आवडते. फोल्डरला आधीच आकडा द्यावा तर लोकांना वाटतं आवृत्ती आली. ‘कच्चं’ असं नाव देऊन नंतर बदलावं तर जगातल्या प्रत्येक मिररला वाटतं सगळंच नवीन आहे, आणि तो पुन्हा सगळं उतरवत बसतो. यावर त्यांनी काढलेली युक्ती म्हणजे टोपणनाव. फोल्डरचं नाव पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेच, आणि ‘स्टेबल’ नावाची एक खूण आज या नावाकडे बोट दाखवते, उद्या त्या. टोपणनावं ‘टॉय स्टोरी’ सिनेमातली, कारण तेव्हाचा प्रमुख ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होता. बझ, रेक्स, बो, हॅम... आणि कायम अस्थिर असलेल्या शाखेचं नाव सिड, खेळणी मोडणारा शेजारचा कार्टा. ही नावं म्हणजे गंमत आहे असं मी दहा वर्षं समजत होतो. गंमत आहेच, पण खाली चटका आहे.

बझमध्ये ४७४ पॅकेजेस होती. २०२५च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ट्रिक्सीमध्ये सुमारे ७० हजार. मधल्या काळातल्या दोन गोष्टी सांगून पुढे जातो. १९९६मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक लिहिलं. ते दोन प्रतींमधला फक्त फरक पाठवतं, त्यामुळे मिरर ठेवणं परवडायला लागलं. आणि मार्च १९९९च्या स्लिंकबरोबर ॲप्ट आलं: पॅकेजचं नाव सांगा, ते स्वतःच कुठल्या मिररवरून, सोबत काय काय लागेल ते बघून घेऊन येईल. आपल्याकडे तेव्हा विदेश संचार निगमचा डायल-अप. ५६केचा मोडेम, प्रत्यक्षात सेकंदाला पाच केबी मिळाले तरी नशीब. त्या हिशेबाने एक ६५० एमबीची सीडी उतरवायला छत्तीस तास, तेही लाईन न तुटता आणि घरात कुणी फोन न उचलता. त्यामुळे मासिकाबरोबर आलेली सीडी हीच आमची स्थानिक रिपॉझिटरी! होस्टेलच्या एका खोलीत ती असायची आणि सगळ्या विंगमध्ये फिरायची. ओरखडे पडेपर्यंत. त्या सीडीतलं सॉफ्टवेअर खरं आहे का, मधल्या कुणी त्यात काही मिसळलं तर नाही ना, हा प्रश्न आमच्या डोक्यात कधी आलाच नाही. सीडी चालली की खरी.

तो प्रश्न खुद्द डेबियनवाल्यांना नोव्हेंबर २००३मध्ये पडला. १९ तारखेला कुणीतरी एका डेव्हलपरचा चोरलेला पासवर्ड वापरून प्रोजेक्टच्या एका सर्व्हरवर शिरलं. शिरणारा साधा युजर म्हणून आला, आणि कर्नलमधल्या एका चुकीचा फायदा घेऊन रूट झाला. तिथून दुसरा सर्व्हर, मग तिसरा, मग चौथा. दुसऱ्या दिवशी ॲडमिन लोकांच्या लक्षात आलं ते दोन मशीनवर कर्नल एकाच तऱ्हेने गडबडायला लागला म्हणून. एकाच वेळी दोघांना सारखाच ताप, म्हणजे योगायोग नव्हे. सगळं बंद करून तपासणी. आणि नेमकं त्याच दिवसांत ३.० आवृत्तीचा दुसरा दुरुस्ती-संच बाहेर पडत होता. पॅकेजेसच्या मूळ साठ्याला धक्का लागला नव्हता हे तपासाअंती निघालं, सगळ्यांनी हुश्श केलं.

पण दोन गोष्टी उघड्या पडल्या. पहिली: साठ्यात कुणी ढवळाढवळ केली असती, तर जगभरच्या ॲप्टला ते ओळखता आलं नसतं. मिररने दिलं ते खरं, आमच्या होस्टेलसारखंच. मग सही-तपासणीचं काम खऱ्या अर्थाने पुढे सरकलं आणि एप्रिल २००७च्या एचपासून ते स्टेबलमध्ये नेहमीचं झालं. रचना साधी आहे. प्रत्येक पॅकेजचा ठसा (चेकसम) एका यादीत, त्या यादीचा ठसा रिलीज फाईलमध्ये, आणि रिलीज फाईलवर डेबियनच्या किल्लीची सही. म्हणजे मिरर कुणाचाही असो, शेजारच्याचा, चोराचा, चाकणच्या कारखान्याचा, साखळीतला एक बाईट बदलला तरी ॲप्ट घेत नाही. विश्वास मिररवर ठेवायचाच नाही, ही यातली खरी कल्पना. आणि ‘ट्रस्टेड=येस’ लिहून मी नेमका तोच ठेवायला सांगितला होता.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. ज्या कर्नल-चुकीतून तो माणूस शिरला, ती चूक सप्टेंबरमध्येच सापडून दुरुस्त झाली होती! फक्त ती सुरक्षेची चूक आहे हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि २.४.२२ आवृत्तीत ती दुरुस्ती घ्यायला उशीर झाला होता. २.४.२३ येईपर्यंत नोव्हेंबर संपत आला. औषध तयार होतं, पोचलं नव्हतं.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचा किस्सा त्याचाच आहे. २००८मध्ये अॅरिझोना विद्यापीठातल्या जस्टिन कॅपोस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक खोडी काढली. भाड्याने एक सर्व्हर घेतला, एक खोटी कंपनी आणि खोटा ॲडमिन उभा केला, आणि डेबियन, उबुंटू, फेडोरा, ओपनसूसे, सेंटओएस या पाचही ठिकाणी अधिकृत मिरर म्हणून अर्ज केला. पाचही ठिकाणी यादीत नाव लागलं. थोड्याच दिवसांत हजारो मशीन त्यांच्याकडे पॅकेजेस मागायला आली, त्यात सरकारी आणि लष्करी मशीनसुद्धा. त्यांनी वाईट काही केलं नाही, फक्त दाखवलं की काय करता आलं असतं. सही तर मोडता येत नाही. मग दुष्ट मिररने करायचं काय? काहीच नाही! कालचीच रिलीज फाईल आज द्यायची, उद्याही तीच द्यायची. सही खरी, ठसे खरे, सगळं खरं, फक्त जुनं. मशीनला कळतच नाही की नवीन दुरुस्ती आलेली आहे. ‘सगळं अद्ययावत आहे’ असंच ते सांगत राहतं. आणि कोण अजून जुन्यावर आहे याची यादी मिररवाल्याकडे आयतीच.

त्यावरचा उपाय म्हणजे रिलीज फाईलमध्ये मुदतीची तारीख. दुधाच्या पिशवीवर असते तशी. डेबियनच्या सुरक्षा-शाखेत ही मुदत एक आठवड्याची असते. आठवडा उलटला तरी तीच फाईल मिळत असेल, तर मिरर एक तर बिघडलाय किंवा तुम्हाला फसवतोय, आणि दोन्हीत फरक करायची गरज नाही. ॲप्ट नकार देतं.

हा नकार मी त्या रात्री बंद केला होता.

पुढे काय झालं ते आता तुम्ही ओळखलंच असेल. ॲप्ट-मिरर जुनी पॅकेजेस आपणहून पुसत नाही. ती पुसायची एक स्क्रिप्ट बनवून ठेवतं, ती चालवायची आपण. मी चालवायची विसरलो. नोव्हेंबर २०२०मध्ये पुण्यातल्या मशीनची डिस्क भरली. नवीन काही उतरेना. स्क्रिप्ट एरर लॉगमध्ये लिहायची आणि गप्प बसायची, आणि लॉग बघणारा मी घरून काम करत दुसऱ्याच प्रोजेक्टवर. दर शुक्रवारी तीच जुनी प्रत पोर्टेबल डिस्कवर चढत होती, तोच मुलगा बाईकवर ती नेत होता, आणि कारखान्यातली चाळीस मशीन दर सोमवारी सांगत होती: ० अपग्रेड, सर्व अद्ययावत. कुणी दुष्ट नव्हतं. तरी अॅरिझोनावाल्यांनी दाखवलेला हल्ला तंतोतंत चालू होता. स्वतःवरच, स्वखर्चाने.

२६ जानेवारी २०२१ला सुडोमधली ती प्रसिद्ध चूक जाहीर झाली. मशीनवरचा कुठलाही साधा युजर रूट होऊ शकेल अशी, आणि जवळजवळ दहा वर्षं कोडमध्ये बसलेली. डेबियनने त्याच दिवशी दुरुस्ती दिली. फेब्रुवारीच्या मध्यावर आमच्या मॅनेजरने विचारलं, कारखान्यात लावली का? मी आत फोन केला, त्यांनी कमांड चालवली, उत्तर आलं: सगळं अद्ययावत. मी मेलवर लिहून टाकलं, ‘हो, लावली आहे.’ अजूनही ती मेल आठवली की कानशिलं गरम होतात.

पकडलं कुणी? तिथल्या सिस्टिमवाल्या काकांनी. निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरलेला माणूस, लिनक्स वगैरे चाळिशीनंतर शिकलेला. आत येणाऱ्या प्रत्येक डिस्कची ते एका लांबट नोंदवहीत नोंद करायचे. तारीख, आणणाऱ्याची सही, आणि डिस्कवर किती जागा भरली आहे तो आकडा. हा शेवटचा रकाना कुणी मागितला नव्हता. माझा फोन ठेवल्यावर त्यांनी सहज मागची पानं चाळली, आणि अर्ध्या तासाने त्यांचाच फोन आला. ‘साहेब, एक विचारू का? नोव्हेंबरपासून आकडा हललेला नाही. गाडी दर शुक्रवारी येते, पण माल उतरत नाही असं वाटतंय.’

मी काय बोललो ते आठवत नाही. त्या रात्री पुन्हा चाकण. डिस्क मोकळी केली, आरसा ताजा केला, पहाटे चारपर्यंत चाळीस मशीनवर सुडो बदललं. कुणी त्या भोकातून शिरल्याची खूण सापडली नाही. लाईनवर कंत्राटी मुलांचे लॉगिन असलेली डझनभर मशीन होती, तेव्हा हे नशीबच. सकाळी मॅनेजरला दुसरी मेल लिहिली, पहिली चुकीची होती म्हणून. ती लिहायला पहिलीपेक्षा बराच वेळ लागला.

दोन्ही ओळी काढल्या. आमच्या पॅकेजेससाठी किल्ली तयार करून सही सुरू केली, रेप्रेप्रो वापरून ते तासाभराचं काम आहे. एक तास! मुदतीचं काय करायचं हा प्रश्न होता, कारण डिस्क आठवड्याने येते आणि मुदतही आठवड्याचीच, म्हणजे गुरुवार-शुक्रवारी हमखास ठिणग्या. तेव्हा मॅन्युअल पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात ‘मिन-व्हॅलिडटाइम’ म्हणून एक पर्याय आहे आणि त्याखाली चक्क लिहिलंय की क्वचित अद्ययावत होणारा स्थानिक मिरर असेल तर तपासणी पूर्ण बंद करण्याऐवजी हा वापरा. जणू कुणी मला बघूनच लिहिलंय. आम्ही मुदत दहा दिवस केली.

माझा एक मित्र यावर वाद घालतो. त्याचं म्हणणं, मार्च २०२४मध्ये एक्सझेडचं प्रकरण झालं तेव्हा वाचले कोण? जे जुन्यावर होते ते! (कुणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमावून एक्सझेडमध्ये चोरदरवाजा बसवला होता, आणि लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खोदत गेलेल्या आंद्रेस फ्रॉइंडने तो पकडला.) वस्तुस्थिती बरोबर आहे, डेबियन स्टेबलला ते लागलं नाही. आणि हेही खरं की सही फक्त ‘हे तिथूनच आलंय’ एवढंच सांगते, ‘हे चांगलं आहे’ असं नाही. पण स्टेबल जुनं असतं ते ठरवून, आणि त्यावर दुरुस्त्या रोज येत असतात. मुरलेलं लोणचं आणि फ्रीजमध्ये विसरलेली आमटी, दोन्ही जुनंच. मित्राला हे पटत नाही. असो.

काका २०२३मध्ये निवृत्त झाले. नोंदवही त्यांनी नव्या मुलाच्या हाती दिली, शेवटच्या रकान्यासकट. गेल्या दिवाळीत सुट्ट्यांमुळे डिस्क बारा दिवस गेली नाही. सोमवारी सकाळी नऊला त्या मुलाचा फोन, घाबराघुबरा. ‘सर, तुमची रिपॉझिटरी बंद पडलीय. सगळ्या मशीनवर एरर येतोय, मुदत संपली म्हणून. गूगलवर एक ओळ सापडलीय, ती टाकली की जातोय म्हणे. टाकू का?’

म्हटलं, थांब. आधी वही उघड आणि शेवटची तारीख वाच.